रक्तवाहिन्यांचा प्लंबर

ज्यांच्या नात्यागोत्यात एकाचीही अँजिओप्लास्टी झालेली नाही, असं कुटुंब आता शोधून काढावं लागेल. काकांना दोन स्टेंट टाकलेत, परवा घरी सोडतायत, हे आपण मोबाइलची बॅटरी बदलल्यासारखं सांगून मोकळे होतो.

पण तोच ब्लॉक हृदयाऐवजी मानेत निघाला की गडबड होते. मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या असतात, त्यांचं नाव कॅरोटिड. जबड्याच्या खाली, घशाच्या बाजूला दोन बोटं हलकेच टेकवून बघा. ठोके लागतायत ना? तीच. (एका वेळी एकच बाजू, आणि दाबायचं नाही.) आजोबांच्या या नसेत ८० टक्के ब्लॉक असल्याचा रिपोर्ट आला, की एक डॉक्टर म्हणतात मान उघडून नस साफ करू, दुसरे म्हणतात कापाकापी कशाला, स्टेंट टाकू. मग घरातले सगळे तुमच्याकडे बघतात, कारण इंग्रजी रिपोर्ट वाचता येणारे आणि गुगल करणारे तुम्हीच.

दोन शिकलेल्या डॉक्टरांचं एका नसेवरून एकमत का होत नाही? याचं उत्तर शोधताना एका माणसाची गोष्ट सापडते. तो सर्जन नव्हता आणि हार्टचा डॉक्टरही नव्हता. तो एक्स-रे विभागातला माणूस होता. नाव चार्ल्स डॉटर. (हो, उच्चार तोच. मुलीशी संबंध नाही.)

गिटारच्या तारा आणि टेफ्लॉनची नळी

चार्ल्सचा जन्म १४ जून १९२० चा, अमेरिकेतल्या बोस्टनचा. वाढला न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर. शाळेत एक इयत्ता गाळून पुढे गेलेला, त्यामुळे वर्गात सगळ्यांपेक्षा चणीने लहान. खेळात फारसा उजेड पडण्यासारखा नव्हता, पण यंत्र दिसलं की हात शिवशिवायचे. १९४१ मध्ये ड्यूक विद्यापीठातून पदवी आणि मग न्यूयॉर्कच्या कॉर्नेल मेडिकल कॉलेजातून डॉक्टरी. तिथल्याच हॉस्पिटलमधली हेड नर्स पामेला हिच्याशी लग्न. हा सगळा भाग एखाद्या हुशार मुलाच्या बायोडेटासारखाच आहे, म्हणून पटकन पुढे जाऊ.

१९५२ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, डॉटर ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडच्या मेडिकल कॉलेजात रेडिओलॉजी विभागाचे प्रमुख झाले. एवढ्या लहान वयात हे पद मिळणं तेव्हा अप्रूपाचं होतं. पुढची ३३ वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, त्यांनी ती खुर्ची सोडली नाही. खुर्चीत बसलेले मात्र ते फारसे कुणाला दिसले नसावेत.

त्या काळात रेडिओलॉजिस्ट म्हणजे फोटोग्राफर. सर्जननं सांगायचं, यांनी फोटो काढून द्यायचा, मग सर्जननं कापायचं. १९५३ मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर या डॉक्टरांनी एक साधी पण जबरदस्त युक्ती काढली होती. सुईनं नस टोचायची, सुईतून बारीक तार आत सरकवायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून पोकळ नळी, म्हणजे कॅथेटर, आत ढकलायची. न कापता नसेत शिरता येऊ लागलं. आता नळीतून रंगद्रव्य सोडा आणि एक्स-रेवर नसेचा नकाशा बघा. बाकी सगळ्यांसाठी गोष्ट इथे संपत होती. डॉटर यांना प्रश्न पडला, की एवढं आत पोचलोच आहोत तर नुसते फोटो काढून परत का यायचं?

बाजारात तेव्हा आजच्यासारखे तयार कॅथेटर मिळत नव्हते. डॉटर गिटारच्या तारा वापरायचे, गाडीच्या स्पीडोमीटरची केबल वापरायचे. १९६३ मध्ये शिकागोच्या रेडिओलॉजी परिषदेत बिल कुक नावाचा एक तरुण स्टॉलवर बसून ब्लोटॉर्चनं टेफ्लॉनच्या नळ्यांना आकार देत होता. एक टकला, किडकिडीत माणूस बराच वेळ नुसता बघत उभा राहिला आणि मग त्यानं ब्लोटॉर्च आणि नळ्या एका रात्रीसाठी उसन्या मागितल्या. ते डॉटर होते. रात्रभर हॉटेलच्या खोलीत खटपट करून सकाळी त्यांनी दहा कॅथेटर आणून दिले आणि कुकनं ते तिथंच दहा-दहा डॉलरला विकले. कुक यांची कंपनी पुढे वैद्यकीय उपकरणांच्या धंद्यात फार मोठी झाली. तुमच्यापैकी स्टार्टअपवाल्यांनी ही गोष्ट जपून ठेवावी.

पाय वाचलेली आजी

त्याच वर्षी एका पेशंटच्या पोटातल्या महाधमनीचा फोटो काढताना डॉटर यांची नळी कमरेजवळच्या एका बंद पडलेल्या धमनीतून आरपार गेली आणि ती धमनी उघडली. हे चुकून झालं होतं. दुसरा कुणी असता तर हुश्श करून गप्प बसला असता. डॉटर यांनी जून १९६३ मध्ये चेकोस्लोव्हाकियात कार्लोव्ही व्हारी इथल्या परिषदेत उभं राहून मांडलं, की कॅथेटर हे फक्त बघायचं साधन नाही, त्यानं उपचारही करता येतील आणि सर्जनच्या सुरीची काही कामं ते करेल.

१६ जानेवारी १९६४ ला संधी आली. ८२ वर्षांची एक बाई. डाव्या पायात रक्त पोचत नव्हतं, बोटं काळी पडत चाललेली, जखम भरत नव्हती, वेदना सतत. पाय कापायचा, यावर डॉक्टरांचं एकमत होतं. बाई मात्र हटून बसल्या, पाय कापू देणार नाही. शेवटी सर्जननं त्यांना डॉटर यांच्याकडे पाठवलं. मांडीतल्या धमनीत एकाच ठिकाणी नस आवळलेली दिसत होती. डॉटर यांनी त्यातून बारीक तार घातली, तारेवरून एक निमुळती नळी आणि त्या नळीवरून दुसरी, जरा जाड नळी. रस्ता रुंद झाला. पाय गरम झाला. आठवड्याभरात वेदना गेली, पुढे जखमही भरली. नस पुन्हा बंद पडेल म्हणून त्यांना काही आठवडे नजरेखाली ठेवलं, ती उघडीच राहिली. त्या बाई पुढे जवळपास तीन वर्षं जगल्या आणि शेवटपर्यंत स्वतःच्या दोन पायांवर चालल्या.

स्टेंट नाही, फुगा नाही. एकात एक बसणाऱ्या दोन नळ्या, बस्स. डॉटर आणि त्यांचे शिष्य मेल्विन जडकिन्स यांनी हे काम त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात छापलं.

आता तुम्हाला वाटेल टाळ्या पडल्या असतील. उलट झालं. अमेरिकेतल्या सर्जन मंडळींनी नाकं मुरडली. ‘लाइफ’ मासिकानं डॉटर यांचे काम करतानाचे फोटो छापले, त्यातल्या एकात त्यांचे डोळे असे वटारलेले होते की ‘क्रेझी चार्ली’ हे नाव कायमचं चिकटलं. फोटो काढण्यासाठी पेशंट पाठवताना चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत ताकीद लिहून येऊ लागली, की फक्त फोटो काढा, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. डॉटर यांनाही आगीत तेल ओतायची हौस होती. आपली ओळख म्हणून ते पाइप आणि पान्याचं चित्र वापरायचे. प्लंबर नळाला जे करतो ते आम्ही नसेला करतो, असा त्याचा अर्थ. एकदा तर व्याख्यानाला येतानाच स्वतःच्या हृदयात कॅथेटर घालून आले आणि बोलता बोलता यंत्राला जोडून घेऊन श्रोत्यांना स्वतःच्याच हृदयातला दाब दाखवला. असा माणूस तुमच्या कॉलेजात प्राध्यापक असता तर तुम्ही त्याच्या लेक्चरला मागच्या बाकावर झोपला नसता. पण त्याच्यावर विश्वास ठेवून आजोबांना त्याच्याकडे नेलं असतं का, याचं उत्तर जरा प्रामाणिकपणे द्या. सर्जन लोकांची सगळीच शंका काही जळकेपणाची नव्हती.

अमेरिकेनं दुर्लक्ष केलं ते युरोपनं उचललं. जर्मनीत एबरहार्ड त्साइटलर यांनी ही पद्धत इतक्या पेशंटवर वापरली की तिकडे ‘डॉटरिंग’ असं क्रियापदच झालं. ती बघून आंद्रेयास ग्रुंटझिग नावाच्या तरुण डॉक्टरनं झुरिकमध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलावर जोडाजोड करत नळीच्या टोकाला फुगा बसवला. १६ सप्टेंबर १९७७ ला त्यानं ३८ वर्षांच्या एका माणसाच्या हृदयाची नस त्या फुग्यानं उघडली. काकांची अँजिओप्लास्टी ती हीच.

आणि स्टेंट? त्याचीही सुरुवात डॉटर यांच्याकडे सापडते. उघडलेली नस पुन्हा आवळू नये म्हणून १९६९ मध्ये त्यांनी कुत्र्यांच्या पायातल्या धमन्यांत तारेची स्प्रिंग बसवून पाहिली. प्लास्टिकच्या नळ्या रक्त गोठून बंद पडल्या, स्प्रिंग टिकली. माणसाच्या हृदयात पहिला स्टेंट बसला तो १९८६ मध्ये, फ्रान्समध्ये.

मानेचं गणित वेगळं का?

पायात जमलं, हृदयात जमलं, मग मानेत अडचण काय? विचार करून बघा. आवळलेल्या नसेत चरबी आणि चुन्याचा खरबरीत थर असतो. त्यातून तार-नळी ढकलली की त्याचा चुरा सुटू शकतो आणि रक्ताबरोबर पुढे वाहत जातो. पायाच्या नसेतला चुरा बोटांत जाऊन अडकेल, ते वाईटच. पण मानेच्या नसेतला चुरा थेट मेंदूत जातो. जो अर्धांगवायू टाळायचा म्हणून सगळा खटाटोप, तोच टेबलावर व्हायचा. डॉटर यांच्या कल्पनेची खरी परीक्षा इथे होती.

शिवाय मानेत सर्जन आधीच पोचलेले होते. १९५३ मध्ये ह्यूस्टनमध्ये मायकेल डिबेकी यांनी आणि १९५४ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी मान उघडून कॅरोटिडवर यशस्वी शस्त्रक्रिया केल्या होत्या. आज या शस्त्रक्रियेला एंडार्टेरेक्टॉमी म्हणतात. मानेवर चीर द्यायची, नसेला वरून-खालून चिमटे लावून रक्त थांबवायचं, नस उघडून आतला थर सोलून काढायचा, परत शिवायचं. ऐकायला भयानक, पण चुरा वाहून जायची भीती कमी, कारण चिमटे लावलेले असतात आणि थर डोळ्यांसमोर अख्खा बाहेर येतो.

इथे मला सर्जन लोकांचीही जरा गंमत वाटते. डॉटर यांना पुरावा मागणाऱ्या या जमातीनं मानेची ही शस्त्रक्रिया कितीतरी वर्षं पक्क्या पुराव्याशिवायच केली. १९८५ मध्ये एकट्या अमेरिकेत अशा सुमारे १ लाख ७ हजार शस्त्रक्रिया झाल्या. तिचा फायदा मोठ्या चाचणीतून सिद्ध झाला तो १९९१ मध्ये. ज्यांना नुकताच छोटा झटका येऊन गेला होता आणि ज्यांची नस ७० टक्के किंवा जास्त आवळलेली होती, अशा ६५९ लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. नुसती औषधं घेणाऱ्यांपैकी दोन वर्षांत २६ टक्के लोकांना त्या बाजूचा स्ट्रोक आला, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ९ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की या गटाची चाचणी मध्येच थांबवून बाकीच्यांनाही शस्त्रक्रिया सुचवण्यात आली.

हा छोटा झटका म्हणजे काय, ते मात्र लक्षात ठेवा. तोंड एका बाजूला ओढलं जाणं, एक हात लुळा पडणं, बोलताना जीभ अडखळणं, एका डोळ्यापुढे पडदा पडल्यासारखा अंधार येणं, आणि पाच-दहा मिनिटांत सगळं आपोआप ठीक. घरात म्हणतात, अशक्तपणा असेल, लिंबू सरबत द्या. ठीक झालं तरी त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. मोठा झटका पुढच्या काही दिवसांतच येण्याची भीती सगळ्यात जास्त असते.

१९८५ नंतर

डॉटर यांना गिर्यारोहणाचं वेड होतं. आपण कळसूबाई केलं की स्टोरी टाकतो, ते साधारण ५,४०० फूट. डॉटर अमेरिकेतली १४ हजार फुटांवरची शिखरं एकेक करून यादीतून खोडत होते. दरम्यान त्यांना हॉजकिन्स हा लसिकाग्रंथींचा कॅन्सर झाला. तो अंगावर असतानाही चढणं चालूच होतं. आणि ज्यानं आयुष्यभर सुरीला पर्याय शोधला, त्याला उतारवयात स्वतःच्या हृदयासाठी ओपन सर्जरी करून घ्यावी लागली. १५ फेब्रुवारी १९८५ ला ते गेले. जडकिन्स त्याच वर्षी गेले, आणि ऑक्टोबरमध्ये ग्रुंटझिग स्वतः चालवत असलेलं विमान कोसळून गेले, ४६ व्या वर्षी. पोर्टलंडला आज डॉटर यांच्या नावाची संस्था आहे.

मानेचा सामना मात्र त्यांच्या मागे रंगला. स्टेंटवाल्यांनी चुऱ्यावर उपाय काढला. नसेत पुढे एक बारीक जाळी छत्रीसारखी उघडायची, चुरा तिच्यात अडकवायचा, स्टेंट बसला की छत्री मिटून बाहेर. मग २००० पासून अमेरिका आणि कॅनडात २,५०२ पेशंटवर मोठी तुलना झाली, ‘क्रेस्ट’ नावाची. निकाल आला २०१० मध्ये. स्ट्रोक, हार्ट अटॅक आणि मृत्यू असं सगळं मिळून चार वर्षांचा हिशोब केला तर स्टेंट ७.२ टक्के, शस्त्रक्रिया ६.८ टक्के. जवळजवळ बरोबरी.

पण आकड्याच्या पोटात शिरलं की चित्र बदलतं. उपचाराच्या आसपासच्या काळात स्ट्रोक स्टेंटवाल्यांत ४.१ टक्के, शस्त्रक्रियेत २.३. हार्ट अटॅक उलटे, स्टेंटमध्ये १.१ आणि शस्त्रक्रियेत २.३. म्हणजे प्रश्न असा झाला, की मेंदूची जोखीम घ्यायची की हृदयाची? वर्षभरानं पेशंटची विचारपूस केली तेव्हा स्ट्रोक आलेल्यांचं रोजचं जगणं जास्त बिघडलेलं आढळलं. त्यामुळे हे दोन आकडे एका तागडीत टाकून बरोबरी जाहीर करणं मला तरी पटत नाही. शस्त्रक्रियेची स्वतःची खोडही आहे. मानेतून जाणाऱ्या मज्जातंतूंना धक्का लागून आवाज बसणं, गिळायला त्रास होणं, असं जवळपास २० जणांत एकाला झालं. बहुतेकांचं ते काही काळानं सुधारतं. त्याच सुमाराला प्रसिद्ध झालेल्या, १,७१३ पेशंटच्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत तर पहिल्या चार महिन्यांत शस्त्रक्रियाच सरस ठरली.

सगळ्यात महत्त्वाचं निघालं ते वय. साधारण सत्तरच्या आतल्यांना स्टेंट तितकाच चांगला. सत्तरी ओलांडली की शस्त्रक्रियेचं पारडं जड होत जातं. का? तर स्टेंट बहुतेकदा जांघेतून वर नेतात आणि वाटेत छातीतल्या महाधमनीची कमान लागते. म्हातारपणी ती कमान वेडीवाकडी आणि थरांनी भरलेली असते, तार तिथून वळवतानाच चुरा सुटतो, मानेपर्यंत पोचायच्या आधीच. यावर उतारा म्हणून आता मानेच्या पायथ्याशी छोटी चीर देऊन तिथूनच स्टेंट घालतात आणि तेवढा वेळ नसेतलं रक्त उलट्या दिशेनं फिरवून बाहेर गाळून घेतात. सुरी आणि नळी, दोन्ही एकत्र. डॉटर यांनी हे बघून काय तोंड केलं असतं, याची कल्पना करायला मजा येते.

तेव्हा घरचे तुमच्याकडे बघतील तेव्हा कुठलं चांगलं असं गुगलू नका. आजोबांना झटका येऊन गेलाय की तपासणीत सहज ब्लॉक सापडलाय, हे आधी बघा. झटका आलेला नसेल तर घाई नसते, आणि अशा कित्येकांना रक्त पातळ करणारी, कोलेस्टेरॉल आणि बीपीची गोळी, तंबाखू-सिगारेट बंद, एवढ्यावरही ठेवतात. वय काय, हृदय कसं आहे, आधी मानेवर ऑपरेशन किंवा रेडिएशन झालंय का. आणि डॉक्टरांना सरळ विचारा, तुम्ही स्वतः अशा किती केल्यात आणि त्यातल्या किती जणांना स्ट्रोक आला. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. हाताला सवय असलेल्या सर्जनची सुरी ही नवख्याच्या स्टेंटपेक्षा बरी, आणि उलटही तितकंच खरं.

१९६४ मधल्या त्या बाई ८२ वर्षांच्या होत्या. ब्लॉक मांडीत होता म्हणून डॉटर यांच्या दोन नळ्यांनी काम झालं. तोच मानेत असता आणि त्या आज आल्या असत्या, तर त्यांचं वय बघून बऱ्याच डॉक्टरांनी त्यांना सर्जनकडेच पाठवलं असतं.